ऑक्टाव्हिया आरएस २५ मिलिमीटर खाली घेताना: माझा अनुभव

स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस किती खाली घ्यायची हे मी पुढच्या लोअर आर्मकडे, म्हणजे चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याकडे, बघून ठरवलं. आर्मचं चाकाकडचं टोक आतल्या टोकापेक्षा थोडं खाली असेल, तर वळणात गाडी कलली तरी बाहेरच्या चाकाला निगेटिव्ह कँबर (चाकाचा वरचा भाग आत झुकलेला असणं) मिळत राहतो. गाडी जास्त बसवली की आर्म उलटा चढतो. मिळणारा कँबर जातो आणि गाडीचा गुरुत्वमध्य जितका खाली येतो त्याहून रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी वळणात कलते तो) जास्त खाली सरकतं. म्हणून ५० मिलिमीटर बसवलेली गाडी त्याच स्प्रिंगवर उलट जास्त कलते. त्यात रस्त्यावरचे उंचवटे आहेतच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार स्पीड ब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि गाडी जाते त्या दिशेने ३.७ मीटर रुंद असावा. गल्लीतले उंचवटे याहून आखूड आणि उभे असतात. चौघं बसल्यावर गाडी आणखी दबते. हे सगळं धरून २५ मिलिमीटर ठरवले.

नुसत्या छोट्या स्प्रिंग टाकायच्या नाहीत. कडक स्प्रिंग परत उसळते तेव्हा कंपनीचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर तिला नीट आवरत नाही. उंची बदलता येणारा पूर्ण कॉइलओव्हर सेटच, म्हणजे जुळणाऱ्या स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्र, घ्यावा. कामाला हात लावण्याआधी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा, बदल चालतो का ते आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

मोजायला सपाट जागा लागते आणि अंबडच्या शेडमधली फरशी दिसते तितकी सपाट नसते. गवंड्याची पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घेतली आणि चारही चाकांच्या जागा पाणी लावून तपासल्या. एका कोपऱ्यात ६ मिलिमीटरचा फरक निघाला. तिथे पातळ टाइल्स ठेवल्या. प्रत्येक चाकाखाली दोन गुळगुळीत टाइल्स, मध्ये ग्रीस. गाडी जॅकवरून उतरवल्यावर चाकं आत ओढलेली राहतात, ती या ग्रीसवर सरकून आपल्या जागी येतात. हवा सारखी, टाकी अर्धी. मग चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर घेतलं: पुढे ३५८, मागे ३६०. जमिनीपासून मोजलं तर टायरची हवाही मापात येते, म्हणून चाकाच्या मध्यापासूनच मोजा.

पुढचा स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा एकत्र खांब) काढायचा तर वरचे तीन बोल्ट वायपरखालच्या प्लॅस्टिकच्या आत आहेत, त्यामुळे वायपर आणि ते कव्हर आधी निघतं. खाली स्ट्रट हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या, खाचेत घट्ट बसलेला असतो. तिथे हातोडा मारू नका. खाच फाकवायची खास चावी मिळते, ती घालून पाव वळसा दिला की स्ट्रट सुटतो. जे बोल्ट टॉर्कनंतर ठरावीक कोनात आणखी फिरवून कसायचे असतात ते ताणले जातात, ते दुसऱ्यांदा वापरू नका, नवेच टाका.

आता सगळ्यात जास्त गाड्या जिथे बिघडतात तो भाग. आर्मच्या सांध्यातले रबर बुश आतल्या नळीला चिकटवलेले असतात, आर्म हलला की रबर पिळतं. गाडी जॅकवर, चाक लटकलेलं, आणि अशा वेळी बोल्ट कसला तर ते रबर लटकलेल्या स्थितीतच पकडलं जातं. गाडी खाली आली की ते कायमचं पिळलेलं राहतं. उंची खोटी दिसते, गाडी दर झटक्याला वर ढकलली जाते आणि काही महिन्यांत बुश फाटतो. म्हणून सगळे बोल्ट आधी हातानेच लावले. मग हबखाली जॅक लावून चाकाचा मध्य ते मडगार्ड हे अंतर पुढे ३३३ आणि मागे ३३५ आणलं आणि तेव्हाच टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानेच कसणारा पाना) फिरवला.

उंचीचं गणित पुढे आणि मागे सारखं नाही. माझ्या सेटमध्ये उंचीची रिंग ज्या आट्यांवर फिरते त्यांचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, २ मिलिमीटर. पुढे एक वळसा म्हणजे जवळजवळ २ मिलिमीटर. मागची स्प्रिंग आर्मवर चाकाच्या आतल्या बाजूला बसते, त्यामुळे तिथे त्याच एका वळशाला चाकाशी ३ मिलिमीटरच्या आसपास फरक पडतो. शॉकच्या दांडीवर केबल टाय बांधला. एका फेरीनंतर तो किती सरकला त्यावरून किती चाल वापरली गेली ते दिसतं.

३०० किलोमीटर चालवून स्प्रिंग बसू दिल्या आणि मग प्रत्येक चाकाखाली एक अशा चार वजनकाट्यांवर वजन घेतलं. चालकाच्या सीटवर माझ्या वजनाइतका ऐवज हवा होता, ५० किलोची कांद्याची गोणी आणि वर २० किलो तांदूळ. अँटी-रोल बारचा (गाडीचं कलणं कमी करणारी, दोन्ही चाकांना जोडणारी दांडी) एक लिंक रॉड सोडून ठेवावा लागतो, नाहीतर बारच्या ताणामुळे काटे चुकीचं दाखवतात. तिरक्या जोडीचं, म्हणजे पुढचं डावं आणि मागचं उजवं मिळून वजन एकूण वजनाच्या निम्म्याला आणायचं.

अलाइनमेंटच्या दुकानात फक्त पुढचा टो (वरून बघितल्यावर चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते) करून गाडी हातात देतात. या गाडीचं मागचं सस्पेन्शन मल्टिलिंक (प्रत्येक चाकाला अनेक आर्म असलेलं) आहे, तिथे कँबर आणि टो दोन्ही बदलता येतात. सुरुवात मागूनच करायची, कारण मागची चाकं जिकडे बघतात तिकडे गाडी जाते आणि स्टिअरिंग वाकडं धरावं लागतं. मागे आधी कँबर, मग टो, कारण कँबर हलला की टो हलतोच. मागे कँबर उणे १ अंश २० मिनिटं (६० मिनिटं म्हणजे १ अंश) आणि टो-इन, म्हणजे चाकांची पुढची बाजू आत, प्रत्येक चाकाला ८ मिनिटं ठेवला. १७ इंची रिमवर १ मिलिमीटर म्हणजे साधारण ८ मिनिटं, हे लक्षात राहिलं की ऑपरेटरशी बोलणं सोपं जातं. पुढे कँबर प्लेट (स्ट्रटचं वरचं टोक सरकवता येणारी प्लेट) टाकून उणे १ अंश ४५ मिनिटं, दोन्ही बाजूंना सारखा. शेवटी स्टिअरिंग सरळ बांधून टो शून्य. कँबर-टो लावायचा एक्सेंट्रिक (मध्य बाजूला असलेला) बोल्ट कसताना किंचित फिरतो, त्यामुळे कसल्यानंतरचा आकडाच खरा. तो पुन्हा वाचायला लावा, घाई करू देऊ नका.

यानंतर स्टिअरिंग किती वळलं ते मोजणारा स्टिअरिंग अँगल सेन्सर स्कॅनरने शून्य केला आणि हेडलाइटची उंची नव्याने लावली. मागची उंची बदलली की प्रकाशाचा झोत बदलतो, आणि कसारा घाटात पावसाळ्यात समोरच्याच्या डोळ्यांत तो जाता कामा नये.

१००० किलोमीटरला बोल्ट पुन्हा तपासले, आट्यांमधला चिखल ब्रशने काढला. इगतपुरीकडच्या पावसात तो साचला की रिंग जाम होते. चाक काढून टायरच्या आतल्या कडेवर तळहात फिरवायचा, आधी आतून बाहेर, मग उलट. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखं लागलं तर टो सरकला आहे. दोन्हीकडे सारखं लागलं आणि फक्त आतली बाजूच झिजली असेल, तर कँबर तपासायला जा.