खारपाणपट्ट्यातली घळ आणि बॅटरीचं पाणी

अकोला जिल्ह्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातल्या खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यात, एका वाढत्या गावाच्या कडेला नवं लेआउट पडलं होतं. जूनच्या पहिल्याच सरींनंतर सिमेंटच्या नालीच्या शेवटाशी घळ पडली आणि रस्त्याकडे सरकू लागली. उतार म्हणाल तर जेमतेम. अशा सपाट जागी उभ्या भिंतींची घळ दिसली, की मी पाण्याच्या जोराआधी मातीवर संशय घेतो.

भिंतीत मुठीएवढी भोकं होती. कंत्राटदार म्हणाले, उंदरांची बिळं. पण तोंडाशी उकरलेली माती नव्हती, उलट प्रत्येक भोकाखाली बारीक गाळ ओघळून वाळलेला. म्हणजे पाणी जमिनीच्या पोटातून वाहत आलेलं.

तळाजवळचं बोराएवढं ढेकूळ काढून काचेच्या ग्लासात, बॅटरीच्या डिस्टिल्ड पाण्यात अलगद सोडलं. हलवायचं नाही, नुसतं बघायचं. काही मिनिटांत त्याच्याभोवती गढूळ ढग पसरला आणि तासाभरानंतरही तो खाली बसेना. दुसरं ढेकूळ बोअरच्या पाण्यात टाकलं, तर ते फुटून त्याचा ढीग झाला, पण पाणी निवळच. फसगत होते ती इथेच. बोअरच्या पाण्यातले क्षार चिकणमातीचे कण एकत्र धरून ठेवतात. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच, त्यामुळे चाचणी डिस्टिल्ड पाण्यातच करावी.

कारण सोडियम. कॅल्शियम कणांना बांधून ठेवतं, सोडियम जास्त झालं की ते एकमेकांपासून सुटतात आणि संथ पाण्याबरोबरही निघून जातात. पूर्णेच्या खोऱ्यातल्या अनेक जमिनींत खोल जावं तसं सोडियम वाढतं. वरचा थर बरा असतो; नालीसाठी खोदकाम झालं, की वाईट थर उघडा पडतो. त्यात उन्हाळ्यात काळी माती भेगाळते. पहिल्या पावसाचं पाणी भेगेत शिरतं, भेगेची नळी होते, नळीचं छत कोसळलं की घळ. इथे तर पाइपलाइनचा चरही त्याच काळ्या मातीने, न दाबता बुजवलेला होता. पाण्याला आयता मार्ग!

आधी केलेलं दगडी पिचिंग, म्हणजे माती धुपू नये म्हणून बसवलेलं दगडांचं अस्तर, खचलं होतं, कारण दगडांखाली गाळणथर नव्हता आणि माती फटींतून निघून गेली. दुरुस्तीत नालीचं तोंड थेट नाल्याच्या तळापर्यंत नेलं, म्हणजे पाणी उंचावरून पडणार नाही. पिचिंगखाली जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, पण माती अडवणारं कापड) आणि वाळू घातली. चर पुन्हा खोदून, मातीत वजनाच्या 2 ते 3 टक्के चुना मिसळून, 15 सेंटिमीटरच्या थरांत ओलसर असतानाच दाबला. चुन्याचं नेमकं प्रमाण प्रयोगशाळेतून ठरवून घ्यावं, आणि नमुना वरवरचा न देता चराच्या तळाचा द्यावा.