नाव बदललेले जहाज

माझी वकिली नागपुरातील दिवाणी आणि कामगार खटल्यांची. समुद्राशी संबंध आला तो कामठीच्या एका तरुण मरीन इंजिनीअरमुळे. व्यापारी जहाजावरचा त्याचा अनेक महिन्यांचा पगार मालकाने थकवला होता. एके सकाळी तो सिव्हिल लाइन्समधील माझ्या कार्यालयात आला आणि मोबाइल पुढे करत म्हणाला, "साहेब, नाव बदललं, झेंडा बदलला, पण आयएमओ नंबर तोच आहे. जहाज मुंबईत माल उतरवतंय."

हा सात अंकी क्रमांक जहाजाला एकदाच मिळतो आणि कितीही मालक झाले तरी बदलत नाही. जहाज विकले गेले होते. म्हणजे नवा मालक सांगणार, हा माणूस माझा नोकर कधीच नव्हता. परंतु जहाजांवरील दाव्यांसाठीच्या २०१७ च्या ॲडमिरल्टी कायद्याच्या कलम ९ नुसार खलाशी व अधिकाऱ्यांच्या पगाराचा मॅरिटाइम लीन, म्हणजे थकबाकीचा बोजा, खुद्द जहाजावर असतो, तोही इतर लीनच्या आधी, आणि मालकी, नोंदणी किंवा ध्वज बदलल्याने सुटत नाही. सातबाऱ्यावरचा बोजा जमिनीबरोबर खरेदीदाराकडे जातो तसेच हे आहे. फरक इतकाच की या बोजाची नोंद खरेदीदाराला कुठेच सापडत नाही, आणि ते मला काहीसे कठोर वाटते.

खरी अडचण मुदतीची होती. पगार देय झाल्यापासून दोन वर्षांनी हा लीन संपतो, आणि ती मुदत प्रत्येक महिन्याच्या पगाराला स्वतंत्रपणे लागते. तारखा मांडल्या तेव्हा पहिले दोन महिने हातचे गेले होते. ती रक्कम जुन्या मालकाकडून मागता येत होती, पण विकलेल्या जहाजावर नाही.

नागपूर खंडपीठ हाकेच्या अंतरावर असले तरी जहाजाच्या अटकेचा, म्हणजे ते बंदरात अडवून ठेवण्याचा, दावा उच्च न्यायालयाच्या मुंबईतील मूळ शाखेतच (जिथे दावे थेट दाखल होतात) लावावा लागतो, आणि जहाज कांडल्याला गेले असते तर गुजरात उच्च न्यायालय गाठावे लागले असते. म्हणून करारपत्र, सीडीसी (खलाशाच्या समुद्री नोकरीची नोंदपुस्तिका) आणि बँकेचे उतारे जोडून आम्ही येथेच प्रतिज्ञापत्र नोटरी केले व मुंबईतील सहकाऱ्याकडे पाठवले. अटक चुकीची ठरल्यास मालकाचे नुकसान भरून देण्याची बिनशर्त हमी वाचताना त्या मुलाचा पेन थांबला. बंदरात अडकलेल्या जहाजाचा एका दिवसाचा खर्च त्याला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक होता. कागद पुन्हा तपासून झाल्यावरच त्याने सही केली.

अटकेविरुद्ध कॅव्हेट, म्हणजे आधीच नोंदवलेली हरकत, नसल्याची खात्री झाल्यावर न्यायालयाने आदेश दिला. तो बंदर व कस्टम्सला कळवताच जहाजाचे निघणे थांबले. नव्या मालकाने वाद न घालता लीनमधील रक्कम न्यायालयात भरून जहाज सोडवून घेतले. उरलेल्या दोन महिन्यांसाठी जुन्या मालकाचे दुसरे एखादे जहाजही अडवता येते, मात्र ते भारतीय पाण्यात यावे लागते. तूर्त तसे एकही आलेले नाही.