न संपणारे गेम, नाहीसे होणारे गेम

गेल्या दहा-बारा वर्षांत व्हिडिओ गेममध्ये काय बदलले, असे विचारले की पहिले उत्तर बहुधा दृश्यांविषयीचे येते. ते चुकीचे नाही. २०१८ साली एनव्हिडिया कंपनीच्या आरटीएक्स ग्राफिक्स कार्डांमुळे प्रकाश कोठून येतो, कशावर पडतो आणि कसा परावर्तित होतो याचे गणित गेम चालू असतानाच करता येऊ लागले आणि २०२० साली आलेल्या प्लेस्टेशन ५ व एक्सबॉक्स सीरिज एक्स या कन्सोलांमधील, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्रांमधील, एसएसडी या वेगवान साठवणीमुळे लोडिंगची ताटकळ जवळजवळ संपली. तरीही २०१५ सालचा ‘द विचर ३’ आज पहिल्यांदा खेळायला घेणाऱ्याला तो फार जुना वाटणार नाही. त्याच्या आधीच्या दहा वर्षांत दृश्यांनी जी मजल मारली होती, तेवढी नंतरच्या दहा वर्षांत मारलेली नाही. माझ्या मते मोठा बदल पडद्यावर दिसणारा नाहीच. तो गेम आणि खेळणारा यांच्या नात्यात झाला आहे. पूर्वी गेम पूर्ण तयार होऊन हाती येई, आपल्या सवडीने खेळता येई आणि कधीतरी संपे. आता अनेक मोठे गेम कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे इंटरनेटने जोडलेल्या तिच्या संगणकांवर, चालतात, दर काही आठवड्यांनी बदलतात, कधीच संपत नाहीत आणि एके दिवशी बंद होतात.

या बदलाला खरा वेग आला तो २०१७ साली. मार्चमध्ये ‘पबजी’ अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे काम अपुरे असतानाच, पीसीवर विक्रीला आला. शंभर जण विमानातून एका बेटावर उतरतात, सापडेल ते शस्त्र उचलतात, लहान होत जाणाऱ्या वर्तुळात टिकून राहण्यासाठी धडपडतात आणि शेवटी जो उरेल तो जिंकतो, अशी त्याची साधी आणि श्वास रोखायला लावणारी रचना होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एपिक गेम्सने ‘फोर्टनाइट’मध्ये हाच प्रकार आणला आणि तो सर्वांना फुकट दिला. फुकट दिलेल्या गेममधून उत्पन्न कसे काढायचे, या प्रश्नाला त्यांनी बॅटल पासने उत्तर दिले. त्याची सुरुवात व्हॉल्व्ह या कंपनीने २०१३ साली ‘डोटा २’मध्ये करून ठेवली होती, फोर्टनाइटने ती पद्धत जगभर रुजवली. खेळणारा सीझनच्या, म्हणजे गेमच्या नव्या पर्वाच्या, सुरुवातीला ठरावीक रक्कम भरतो, खेळत जाईल तसा एकेक टप्पा वर चढतो आणि त्या-त्या टप्प्यावर एखादी स्किन, म्हणजे पात्राचे नवे रूप, एखादा नाच, एखादी सजावट मिळवतो. सीझन संपेपर्यंत जे टप्पे गाठता आले नाहीत, त्यांवरची बक्षिसे, त्यांचे पैसे आधीच भरलेले असले तरी, हातची जातात.

या पद्धतीचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. स्किनमुळे सामन्यात कोणताही फायदा मिळत नाही, त्यामुळे एक पैसाही न देणारा खेळाडू पैसे देणाऱ्याच्या बरोबरीने जिंकू शकतो. गेम विकत घेण्याची ऐपत नसलेल्या मुलांना तोच गेम खेळता आला, जो त्यांच्या वयाचे सगळे जग खेळत होते. वेगवेगळ्या कन्सोलांमधली भिंतही याच गेमने पाडली: सोनीने बराच काळ नकार दिल्यानंतर २०१८ च्या सप्टेंबरमध्ये प्लेस्टेशनवरच्या फोर्टनाइट खेळाडूंना एक्सबॉक्स आणि निन्टेन्डो स्विचवाल्यांबरोबर खेळू दिले. आज दोन मित्रांकडे दोन वेगळी यंत्रे असली तरी ते एका संघात खेळू शकतात, हे आता इतके स्वाभाविक वाटते की त्यासाठी किती ओढाताण झाली होती याचा विसर पडतो.

परंतु या गेमना आपल्याकडून पैशापेक्षाही वेळ हवा असतो. आज येऊन रोजची कामगिरी पूर्ण करा, या आठवड्याची आव्हाने राहून गेली तर ती परत येणार नाहीत, अमुक तारखेनंतर ही स्किन मिळणार नाही, अशी सगळी मांडणी खेळणाऱ्याने रोज हजेरी लावावी यासाठी केलेली असते. माझा आक्षेप नेमका येथे आहे. एखादा कठीण गेम मला चाळीस तास गुंतवून ठेवतो तेव्हा ते तास मी त्याला आनंदाने देते, कारण त्याने मला काही दाखवायचे ठरवलेले असते आणि ते दाखवून झाल्यावर तो मला मोकळे करतो. ज्या गेमला शेवट नाही, त्याच्याकडून हे मोकळे होणे कधी मिळत नाही. तो सोडताना काही पूर्ण केल्याचे समाधान नसते, उलट काहीतरी हुकणार आहे अशी रुखरुख मागे उरते. ही रुखरुख विचारपूर्वक घडवलेली आहे, आणि तिचा रोख ज्यांच्यावर आहे त्यांत असंख्य लहान मुले आहेत.

पैशाच्या बाबतीत सर्वांत वाईट टोक लूट बॉक्सने गाठले. आत काय निघेल हे ठाऊक नसलेली पेटी पैसे देऊन उघडायची, हा प्रकार बऱ्याच गेममध्ये रुळला होता. पण २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’ पूर्ण किमतीला विकत घेऊनही सामन्यातली ताकद वाढवणारी कार्डे अशा पेट्यांतून मिळणार आणि डार्थ व्हेडरसारखे पात्र खुले होण्यासाठी तासन्‌तास खेळावे लागणार, हे उघड झाल्यावर खेळाडूंचा संताप अनावर झाला. प्रकाशनाच्या आदल्या दिवशी त्याच्या प्रकाशक ईए कंपनीला गेममधली खरेदी थांबवावी लागली. पुढच्या वर्षी बेल्जियमच्या गेमिंग कमिशनने अशा पेट्या जुगाराच्या कायद्याखाली येतात असा निष्कर्ष काढला आणि २०१९ मध्ये ईएने तेथे ‘फिफा’ या फुटबॉलच्या गेममधल्या पेट्या घेण्यासाठी लागणारे पॉइंट विकणे बंद केले. खेळाडूंनी एकमुखाने आवाज उठवला की बलाढ्य प्रकाशकही मागे हटतो, हे त्या प्रसंगात पहिल्यांदा इतक्या स्पष्टपणे दिसले.

गेम प्रकाशनानंतर दुरुस्त करता येतो, या सोयीचा परिणामही दुहेरी झाला. ‘नो मॅन्स स्काय’ २०१६ साली आला तेव्हा त्याच्याविषयी जे सांगितले गेले होते त्यातले बरेच त्यात नव्हते. परंतु हॅलो गेम्स या लहानशा स्टुडिओने नंतर वर्षानुवर्षे विनामूल्य अपडेट देत तो गेम कितीतरी पटींनी समृद्ध केला. ही चिकाटी मला मनापासून आदरणीय वाटते. मात्र इतरांनी त्यातून घेतलेला धडा असा की आधी विकावे आणि मग सुधारावे. २०२० च्या डिसेंबरमध्ये ‘सायबरपंक २०७७’ जुन्या कन्सोलांवर इतक्या दुरवस्थेत आला की सोनीने आठवडाभरातच तो आपल्या स्टोअरमधून काढला आणि ग्राहकांना पैसे परत देऊ केले. पुढील तीन वर्षांत तो खरोखर चांगला झाला. ज्यांनी पहिल्या दिवशी, पूर्ण किंमत देऊन, विश्वासाने तो घेतला होता, त्यांनाच त्याचे सर्वांत वाईट रूप मिळाले.

आभासी वास्तवाचे हेडसेट आणि क्लाउड गेमिंग, म्हणजे दूरच्या संगणकावर चालणारा गेम इंटरनेटवरून खेळणे, यांनी सगळे बदलून जाईल, असे या काळात फार बोलले गेले. तसे काही घडले नाही. गूगलचे स्टेडिया हे क्लाउड गेमिंग २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झाले आणि २०२३ च्या जानेवारीत बंदही पडले.

याच काळात दुसऱ्या टोकाला जे घडले ते मला या क्षेत्राचे सर्वांत मोठे वैभव वाटते. २०१५ साली अनरिअल इंजिन हे गेम बनवण्याचे साधन सर्वांना विनामूल्य वापरता येऊ लागले, युनिटी या तशाच इंजिनाची बहुतेक साधनेही फुकट मिळू लागली, आणि स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात आपला गेम प्रकाशित करणे २०१७ नंतर आणखी सोपे झाले. एकट्यादुकट्या माणसाला पूर्ण गेम जगासमोर ठेवता येऊ लागला. एरिक बरोन यांनी चित्रे, संगीत, लेखन आणि प्रोग्रामिंग असे सारे एकट्याने करून, चार वर्षांहून अधिक काळ खपून, ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा गेम घडवला. २०१६ साली तो आला, आणि २०२४ मध्येही त्यांनी त्याला भरगच्च अपडेट दिले, तेही विनामूल्य. त्यात बॅटल पासचे सीझन नाहीत, हजेरी नाही, इंटरनेट नसले तरी तो चालतो. म्हणजे गेम वाढवत नेणे आणि खेळणाऱ्याला बांधून ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली करण्यासाठी दुसरी करावी लागते हा उद्योगाचा युक्तिवाद मला पटत नाही. ‘अंडरटेल’मध्ये समोर येणाऱ्या एकाही शत्रूला न मारता शेवटापर्यंत जाता येते आणि आपण कोणाला मारले हे गेम विसरत नाही. ‘हॉलो नाइट’ने मोजक्या माणसांच्या बळावर भूगर्भातले एक अख्खे उद्ध्वस्त राज्य उभे केले. २०२४ मध्ये ‘बलाट्रो’ने, जो एकाच व्यक्तीने बनवला, पत्त्यांच्या पोकरमधून असे काही निर्माण केले की मोठ्या बजेटच्या गेमबरोबर त्याचे नाव वर्षातल्या सर्वोत्तमांत घेतले गेले. मोठ्यांमध्येही २०२३ चा ‘बाल्डर्स गेट ३’ गेमच्या आत कोणतेही दुकान न थाटता, पूर्ण होऊन आला आणि प्रचंड खपला.

‘सेलेस्ट’चा उल्लेख मला वेगळा करायचा आहे. २०१८ चा हा गेम डोंगर चढणाऱ्या एका मुलीचा आहे आणि तो अत्यंत कठीण आहे. पण त्यातल्या असिस्ट मोडमध्ये वेग कमी करता येतो, दम न संपणारा करता येतो, हवे तर मरण टाळता येते, आणि हे वापरणाऱ्याला गेम कोठेही कमी लेखत नाही. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर आणला, ज्यावर दोन मोठी बटणे आहेत आणि ज्याला पायाने, हनुवटीने किंवा कोपराने दाबता येतील असे स्विच आपापल्या गरजेप्रमाणे जोडता येतात. २०२० च्या ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’मध्ये साठाहून अधिक सोयी होत्या, ज्यांच्या आधाराने दृष्टिहीन खेळाडूही तो अखेरपर्यंत खेळू शकले. ज्यांना वर्षानुवर्षे शेजारी बसून फक्त ऐकावे लागले, त्यांच्या हाती कंट्रोलर आला. गेल्या दशकातील इतर सर्व बदल बाजूला ठेवून एकच टिकवायचा झाला, तर मी हा टिकवेन.

आता नाहीसे होणाऱ्या गेमविषयी. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीनुसार, २०१० पूर्वी तेथे प्रकाशित झालेल्या अभिजात गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत. ते जुने गेम निदान जुन्या डिस्कवर आणि कार्ट्रिजवर कोठेतरी शिल्लक आहेत. सर्व्हरवर जगणाऱ्या गेमच्या बाबतीत तेवढाही आधार नाही. ‘डेस्टिनी २’ची २०१७ ची मूळ कथा लोकांनी पैसे देऊन घेतली होती; २०२० च्या नोव्हेंबरमध्ये ती गेममधून काढून टाकण्यात आली. २०१६ चा ‘ओव्हरवॉच’ही विकत घ्यावा लागत होता, २०२२ मध्ये ‘ओव्हरवॉच २’ने त्याची जागा घेतली आणि मूळ गेमचे सर्व्हर बंद झाले. ‘कॉनकॉर्ड’ तर २०२४ च्या ऑगस्टमध्ये येऊन दोनच आठवड्यांत मागे घेतला गेला. पैसे परत मिळाले हे योग्यच झाले, पण त्यावर अनेक वर्षे खपलेल्या कलावंतांचे काम आता अधिकृतपणे कोठेही खेळता येत नाही.

युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम एकट्यानेही खेळता येत असे, पण त्यासाठीही सर्व्हरशी जोडलेले असणे सक्तीचे होते. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले आणि डिस्क घरात असलेल्यांचाही गेम संपला. त्यातून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली, आणि युरोपियन संघाकडे करायच्या नागरिकांच्या मागणीवर २०२५ मध्ये दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. सर्व्हर कायम चालू ठेवा, असे ही मोहीम म्हणत नाही. आधार काढून घेण्यापूर्वी गेम खेळण्याजोग्या अवस्थेत सोडा, इतकीच तिची मागणी आहे. कॅलिफोर्नियात २०२५ पासून लागू झालेल्या कायद्याने डिजिटल वस्तू विकणाऱ्याने, ग्राहकाला मालकी नव्हे तर केवळ परवाना मिळतो आहे, हे खरेदीच्या वेळी स्पष्ट सांगणे आवश्यक केले आहे. त्याने ग्राहक सावध होतो, गेम मात्र वाचत नाही.

प्रकाशकांचे म्हणणे असते की हे तांत्रिकदृष्ट्या अवघड आणि खर्चिक आहे. काही गेमच्या बाबतीत ते खरे असेलही. परंतु ‘नॉकआउट सिटी’ने २०२३ मध्ये आपले सर्व्हर बंद करताना खेळाडूंना स्वतःचे सर्व्हर चालवता येतील अशी पीसी आवृत्ती दिली. निन्टेन्डोने ‘ॲनिमल क्रॉसिंग: पॉकेट कॅम्प’ची सेवा २०२४ मध्ये थांबवली तेव्हा एकदाच पैसे देऊन घेता येईल अशी, इंटरनेटवर न विसंबणारी आवृत्ती काढली आणि खेळाडूंना आपली जुनी छावणी तीत नेता आली. ‘द क्रू’ गमावल्यावर उठलेल्या आवाजानंतर खुद्द युबिसॉफ्टने ‘द क्रू २’ला २०२५ मध्ये ऑफलाइन खेळण्याची सोय दिली. ती आधीच्या गेमला, सर्व्हर बंद करण्यापूर्वी, का दिली नाही, हा प्रश्न ज्यांच्या घरी ती डिस्क पडून आहे ते विचारत आहेत आणि त्यांना उत्तर मिळायला हवे.