फोटोतली जागा ओळखली. पण कोर्टात टिकेल का?

तुम्ही विचारलंत म्हणून. "एखादा फोटो बघून तो कुठं आणि कधी काढला हे शोधायची कोडी तुम्ही सोडवता. त्याचा कोर्टात काही उपयोग होतो का?" वकील हे विचारतात, कायदा शिकणारी मुलंही विचारतात.

होतो. पण कोड्यात उत्तर बरोबर आलं की काम संपतं. कोर्टात त्या उत्तरापर्यंतची वाट समोरच्या वकिलालाही स्वतः चालून बघता आली पाहिजे.

समजा, कोल्हापुरातल्या एका बोळातल्या भिंतीचा वाद आहे. मनाई हुकूम मेच्या दुसऱ्या आठवड्यातला. एक बाजू म्हणते, भिंत मार्चमध्येच उठली होती, आणि भर उन्हातला फोटो दाखवते. आधी दिशा ठरवायच्या. उपग्रह नकाशात बोळ पूर्व-पश्चिम आहे का बघा. फोटोत सोलर हीटर असेल तर त्याचं तोंड दक्षिणेकडं, डिशच्या छत्र्या साधारण आग्नेयेकडं. मग सावली. कोल्हापुरात सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नव्हे, वर्षभरात १२.१५ ते १२.५० च्या दरम्यान कधीतरी, कारण आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं आणि कोल्हापूर ७४.२ वर. १५ मार्चला त्या वेळी दहा फुटी भिंतीची सावली उत्तरेला सुमारे ३.४ फूट पडते. २० मेला तीच दक्षिणेला जेमतेम ७ इंच. मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेला सरकतो आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात परततो, म्हणून हा फरक.

पण सावली दक्षिणेला दिसली, की फोटो मेमधला असं ठरवून टाकायची घाई नडते. एप्रिलमध्ये सकाळीही अशा भिंतीच्या दक्षिणेला बारीक सावली असते, आणि एप्रिल म्हणजे हुकमाच्या आधीचा काळ. म्हणून भिंतीवर विसंबू नका. शेजारच्या विजेच्या खांबाची सावली मोजा. ती लांबलचक असेल तर वेळ सकाळची किंवा संध्याकाळची, अगदी आखूड असेल तरच माध्यान्हीची. आणि एवढं करून सिद्ध काय झालं? फोटो मार्चमधल्या दुपारचा नाही, इतकंच. भिंत मार्चमध्ये नव्हती हे सिद्ध झालं नाही, वर्ष तर मुळीच कळलं नाही. अहवालात ही मर्यादा आपणच लिहावी. नाहीतर ती उलटतपासणीत निघते, आणि मग बाकीच्या खऱ्या निष्कर्षांवरचाही विश्वास उडतो.

उपग्रह चित्रांचंही तेच. सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका दहा मीटरचा, त्यात बोळातली भिंत दिसणारच नाही. पंचगंगेचं पसरलेलं पाणी दिसेल, पण २०१९ किंवा २०२१ सारख्या पुरात वर ढग असतात, तेव्हा ढगांच्या आरपार बघणारं रडारचं सेंटिनेल-१ घ्यावं लागतं.

फाइलमधल्या वेळेनं पुष्कळजण फसतात. फोटोच्या एक्झिफमध्ये, म्हणजे फाइलमध्ये दडलेल्या नोंदीत, बहुधा स्थानिक वेळ असते, एमपी४ व्हिडिओत बहुधा यूटीसी, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागची जागतिक वेळ. त्यामुळं दुपारी तीनचा व्हिडिओ सकाळी साडेनऊचा वाटतो. फाइलच्या नावात तारीख आणि पुढं डब्ल्यूए असेल, तर ती तारीख व्हॉट्सअ‍ॅपवर आल्याची, काढल्याची नव्हे. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि एक्झिफ गळून पडतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फाइल येते. तरी पक्षकाराला आम्ही पहिलं सांगणं हेच करतो: पाठवू नका, फोनच घेऊन या, आणि तोवर तो फॉरमॅट करू नका, विकू नका.

फाइल हातात आली की उघडण्याआधी तिचा हॅश, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून गणितानं निघणारा जणू बोटाचा ठसा, काढायचा. विंडोजमध्ये त्यासाठी सर्टयुटिल ही आज्ञा आधीपासूनच असते. एसएचए-२५६ या पद्धतीचा हॅश ६४ अक्षरांचा येतो. फाइलचं नाव बदललं तर तो बदलत नाही. एक सेकंद कापला, उजेड वाढवून सेव्ह केलं, की पार बदलतो. काम नेहमी प्रतीवर.

इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. वकिलांच्या तोंडी अजून जुन्या पुरावा कायद्यातलं "पासष्ट-बी चं सर्टिफिकेट" आहे, पण १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. प्रमाणपत्राचे आता दोन भाग: भाग अ पक्षकाराचा, भाग ब तज्ज्ञाचा. दोन्हींत हॅश आणि तो कुठल्या पद्धतीनं काढला ते लिहायचं असतं. उपकरणाचा मेक, मॉडेल, सिरियल नंबर, फोनचा आयएमईआय हा ओळख क्रमांकही लागतो. दोन भागांतले हॅश जुळले नाहीत तर सगळी मेहनत वाया.

समोरचा प्रमाणपत्र देतच नाही, तेव्हा काय? याचं उत्तर आपल्याच महाराष्ट्रातल्या जालन्याच्या निवडणूक वादातून आलं. उमेदवारी अर्ज तीनच्या आत आला की नंतर, हा प्रश्न होता, आणि पुरावा निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रीकरणाचा. मागूनही प्रमाणपत्र मिळालं नव्हतं. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की प्रतीला प्रमाणपत्र हवंच; मूळ उपकरण त्याच्या मालकानं साक्षीत हजर केलं तर त्याची गरज नाही; आणि कुणी ते नाकारत असेल तर न्यायालयाकडं अर्ज करून मागवता येतं. म्हणून मागणी लेखी करा, पोच जपून ठेवा.

ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आहे, सहा जिल्ह्यांसाठी. पण पुरावा नोंदला जातो खालच्या कोर्टात, आणि तिथं राहिलेली खोट वर भरून काढणं फार अवघड.

सीसीटीव्ही असेल तर मात्र हे सगळं वाचत बसू नका. डिस्क भरली की डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रीकरण साठवणारा डबा, जुन्यावर नवं चढवतो, पुष्कळ दुकानांत १५ ते ३० दिवसांत. आजच जा. स्क्रीनचं मोबाईलवर शूटिंग नको. मूळ फॉरमॅटमध्ये एक्सपोर्ट घ्या, सोबत त्याचा प्लेअर घ्या. आणि डीव्हीआरवरची वेळ व आपल्या फोनवरची वेळ एकाच फोटोत येईल असा एक फोटो काढा. घड्याळ अकरा मिनिटं पुढं असेल, तर ते त्याच दिवशी लिहून ठेवा.