श्वासाच्या स्नायूंचा व्यायाम आणि बोटावरचा थेंब

सहा आठवडे, दिवसातून दोनदा, तीस-तीस श्वास. व्यायाम एवढाच. डोकं खाल्लं ते मोजमापाने.

उपकरण मुठीत मावेल एवढं: माउथपीस, स्प्रिंगची झडप आणि जोर कमी-जास्त करायचा फिरता भाग. आधी आपली कमाल ओढ मोजायची. छाती पूर्ण रिकामी करून, नाकाला चिमटा लावून, दोन सेकंद जीव खाऊन श्वास ओढला. पहिल्या दिवशी ७८, ८५, ९१ असे आकडे चढतच गेले. ती ताकद नव्हे, हात बसणं. दुसऱ्या दिवशी जवळजवळचे तीन आकडे आले तेव्हा ९६ सेंटिमीटर पाण्याचा दाब धरला आणि त्याच्या निम्म्यावर सुरुवात केली. तिसावा श्वास जेमतेम पुरा व्हायला हवा. सहज झाला की स्प्रिंग थोडी आवळायची.

सुरुवातीला चक्कर येते, कारण घाईघाईत श्वास घेतले की कार्बन डायऑक्साइड नको इतका बाहेर जातो. ओढायचं जोरात, सोडायचं सावकाश. खांदे कानाकडे चढले तर मानच राबते. सर्दीत सुट्टी. फुप्फुसाभोवती पूर्वी कधी हवा साठली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय याला हात लावू नये. आणि मुंबईच्या पावसाळ्यात माउथपीस ओला डब्यात टाकला की कुबट वास ठरलेला. धुऊन पंख्याखाली सुकवा.

आता लॅक्टेट, म्हणजे जोराच्या श्रमात स्नायूंतून रक्तात उतरणारा पदार्थ. बोटावरचा थेंब छोट्या यंत्राच्या स्ट्रिपला लावून तो मोजतात. शिवाजी पार्कला फेऱ्या मारून केलेली चाचणी सरळ फुकट गेली. घामात लॅक्टेट रक्ताच्या कितीतरी पट असतं. बोट नीट पुसलं नाही तर आकडा वाट्टेल तिथे जातो. उकाडाही तो चढवतो. म्हणून एसीतला ट्रेडमिल: ताशी ९, १०, ११, १२ किलोमीटर, प्रत्येकी चार मिनिटं, थांबल्यावर अर्ध्या मिनिटात थेंब. स्पिरिट वाळू द्यायचं, पहिला थेंब पुसायचा, दुसरा स्ट्रिपला, बोट पिळायचं नाही. आदल्या दिवशीचं जेवणही तेच. भात-पोळी सोडलीत तर लॅक्टेट आपोआप कमी दिसेल आणि श्रेय व्यायामाला जाईल.

सहा आठवड्यांनी ओढ ९६ची १२१ झाली. ताशी १२च्या वेगाला लॅक्टेट लिटरमागे ५.२वरून ४.५ मिलिमोल, ९ आणि १०ला जैसे थे. हे पटण्यासारखं आहे. जोराच्या धावण्यात श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला श्वासाचा मुख्य स्नायू, थकलं की पायांच्या रक्तवाहिन्या आकसतात. ते उशिरा थकलं तर पायांना रक्त मिळत राहतं. कमाल ऑक्सिजन क्षमता मात्र यातून वाढते असं समजू नका.

तरी त्या ०.७वर मी फार विसंबत नाही. एकाच बोटाच्या दोन स्ट्रिपांत ०.३चा फरक मी पाहिलाय, आणि त्या सहा आठवड्यांत धावणंही चालूच होतं. संशोधनात यासाठीच एका गटाला कमाल ओढीच्या जेमतेम १५ टक्के जोराचं नाममात्र उपकरण देतात. माझ्याकडे तुलनेला कोणीच नव्हतं. ओढीचा आकडा तेवढा खणखणीत. तो टिकवायला आता आठवड्यातून तीन दिवस पुरतात.