बायपासला वर्ष झालं, तरी छाती का दुखते?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. परळला मी फिजिओथेरपी करते. पेशंट निघता निघता आवाज खाली आणून विचारतात, "मॅडम, टूडी इको चांगला आला, मग अजून का दुखतं? हार्टचंच काही राहिलंय का?"

बहुतेकदा हार्टचं नसतं. मनाचे खेळही नसतात. ऑपरेशननंतर तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं दुखणं हे वैद्यकशास्त्रात स्वतंत्र निदान आहे. हृदयाच्या ऑपरेशननंतर पहिल्या सहा महिन्यांत साधारण तिघांमागे एकाला ते असतं, काहींना दोन वर्षांनंतरही.

छातीचं मधलं हाड करवतीने उभं कापतात, फासळ्या फाकवून धरतात आणि शेवटी हाड स्टीलच्या तारांनी बांधतात. ते दोन-तीन महिन्यांत सांधतं. पण फाकवताना फासळ्यांचे पाठीकडचे सांधेही ताणले जातात, म्हणून पाठ धरते. बायपाससाठी बहुधा छातीच्या आतून डावी रक्तवाहिनी सोडवून घेतात. तिच्या आसपासच्या, स्पर्श-वेदना मेंदूपर्यंत नेणाऱ्या बारीक नसा तेव्हा दुखावतात. पायातली शीर काढली असेल तर घोट्याजवळ मुंग्या येतात, त्याही अशाच कारणाने.

एका काकूंना डाव्या छातीवर टाचणी टेकवलेली कळत नव्हती, पण कापसाचा बोळा फिरवला तर त्या अंग चोरून मागे सरकल्या. मंगळसूत्राच्या वाट्या नेमक्या व्रणावर यायच्या, म्हणून त्या ते पदराला पिन लावून बाजूला अडकवत. घरी अवाक्षर काढलं नव्हतं. "मुलाने एवढा खर्च केला, आता दुखतंय म्हणून कुठल्या तोंडाने सांगू?" हे ऐकलं की जीव तुटतो. जीव वाचला म्हणून दुखणं गिळायचं, हा कुठला न्याय?

बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. स्तनांच्या वजनाने व्रण ताणला जातो. पुढे हुक असलेली, तार नसलेली सुती ब्रा कधीपासून घालायची, हे सर्जनला किंवा सिस्टरला बेधडक विचारा.

नसेच्या दुखण्याला साध्या गोळ्या फारशा लागू पडत नाहीत. त्याला प्रेगाबालिनसारखी वेगळी औषधं असतात, गरज पडली तर नस बधिर करणारं इंजेक्शन देतात. हाड बांधलेली तारच टोचत असेल तर काढताही येते. केमिस्टकडून डायक्लोफेनॅक मात्र आणू नका, हृदय आणि किडनी दोन्हींना धोका आहे.

कूस बदलताना, हात वर नेताना किंवा कपडा घासला की दुखणं, हे बहुधा हाडाचं नाहीतर नसेचं. पण दादरचा पूल चढताना छाती भरून आली आणि थांबल्यावर ओसरली, तर लगेच डॉक्टरांना गाठा. बसल्याजागी तसं झालं, कळ जबड्यात किंवा हातात गेली, दरदरून घाम फुटला, तर तडक हॉस्पिटल. खोकताना हाड कटकन वाजलं, व्रणातून पाणी आलं, ताप भरला, तर त्याच दिवशी सर्जनला दाखवा.

आणि तिथे "थोडं दुखतं" एवढंच म्हणू नका. बोटाने जागा दाखवा. जळजळतं, करंट बसतो की नुसतं ठणकतं, झोप मोडते का, कागदावर लिहून न्या. मोठ्या हॉस्पिटलांत भूलतज्ज्ञ पेन क्लिनिक चालवतात, तिथली चिठ्ठी सर्जनकडे मागून घ्या.