तुम्ही विचारलंत म्हणून: पोरांच्या शिडीला लोंबकळणारी काकी

ब्लाउजचं माप देताना बायका फार मोकळं बोलतात. हात वर, टेप काखेतून गेलेली, पळता तर येत नाही, मग काय, गप्पा. गेल्या दोन वर्षांत अशा गप्पांत मला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न गळ्याच्या खोलीचा नाही. "काकी, तुम्ही म्हणे सकाळी पोरांच्या बागेत शिडीला लोंबकळता. चालतं ते?"

विचारणाऱ्या दोन तऱ्हेच्या. एकीला नुसती गंमत वाटते, चोपन्न वर्षांची बाई, साडीवर बूट घालून, हीहीही. दुसरीचा आवाज जरा खाली येतो. तिचाही कुठला तरी सांधा धरलेला असतो आणि तिलाही यायचं असतं. हे त्या दुसरीसाठी लिहितेय.

आधी खांदा. तीस वर्षं शिलाई मशिनवर वाकून झाल्यावर माझा डावा खांदा जखडला. फ्रोझन शोल्डर. चाळिशी ते साठीतल्या बायकांना आणि मधुमेहवाल्यांना जास्त होतो म्हणे, मी दोन्ही रांगांत उभी. केस बांधता येईनात, मागचे हुक लावता येईनात. दुसऱ्यांचे हुक-काजे करून देणारी मी स्वतःच्या पाठीवरच्या हुकासाठी सुनेला हाका मारायची. कुडाळच्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी सहा महिने भिंतीवर बोटं चढवायला लावली, हात लोंबता सोडून गोल फिरवायला लावला. दुखणं उतरल्यावर म्हणाल्या, आता दांडीला हात धरून थोडं थोडं वजन सोडा. पाय मात्र जमिनीवरच. एकदम लटकायचं नाही.

(तुमचा खांदा धरला असेल तर हे वाचून दांडीला लटकू नका. आधी दाखवून या. दुखण्याच्या दिवसांत ताणलं तर आणखी चिडतो.)

आता आमच्या गावात दांडी शोधा. सिंधुदुर्गातलं किनाऱ्यावरचं गाव, दोन बाजूंना माड, एका बाजूला समुद्र. दाराची चौकट धरून पाहिली, बोटं निसटतात. नवऱ्याने पडवीच्या वाशाला दोर बांधून दिला, तो सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी सोडायला लावला. घरात असला दोर टांगलेला बघवत नाही म्हणाल्या, आणि खरंच बघवत नव्हता. समुद्राच्या रस्त्यावर ओपन जिम आहे. तिथे पायांनी झुलायचं, कंबर फिरवायची, बसून दांडे ओढायचे असं सगळं आहे, लोंबकळायला काही नाही. शिवाय सकाळी साडेपाचपासून तिथे निवृत्त मंडळींची संसद भरते. व्यायाम एक करतो, बाकीचे मशिनवर बसून बोलतात. त्यांच्यासमोर हात वर करून उभं राहायची माझी तयारी नव्हती. आणि संध्याकाळी त्याच जिमवर, १४ वर्षांखालील मुलांनी वापरू नये या पाटीखाली, सगळी पोरं. झुलत्या मशिनच्या सांध्यात बोटं चिमटतील म्हणून आया ओरडत असतात. म्हणजे मोठ्यांच्या जिमवर पोरं आणि पोरांच्या बागेत मी.

बागेतली आडवी शिडी माझ्या कपाळापासून वीतभर वर आहे. आठ फुटांवरचा पुरुषी बार मला उडी मारूनच धरावा लागेल, आणि जखडलेल्या खांद्याने उडी मारून लटकायचं म्हणजे केलेल्या सहा महिन्यांवर पाणी. शिडी बुटकी आहे म्हणूनच माझ्या कामाची. पोरांसाठी केलेली वस्तू नेमकी माझ्या दुखण्याच्या मापाची निघाली, त्याला मी काय करू?

पहिली शंका सगळ्यांची एकच, वजन. मोडेल ना ते. माझ्या नवऱ्याचं फॅब्रिकेशनचं काम आहे, ग्रिल, गेट, पत्र्याच्या शेडी. मी बागेत जाते म्हटल्यावर तो एका रविवारी हातोडी घेऊन माझ्याबरोबर आला आणि शिडीच्या चारी खांबांवर ठोकत बसला. वरच्या दांड्यांवर ठण्ण वाजलं. मग उकिडवा बसून त्याने जमिनीलगत चार बोटांवर ठोकलं. तीन खांब ठण्ण. चौथा जरा बद्द वाजला. तो म्हणाला, मरण इथून येतं. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यात खारा वारा. वरून रंग तुळतुळीत दिसतो, खाली काँक्रीटशी पाणी साचून पाइप आतून खाल्लेला असतो. बघताना माणूस वर बघतो आणि गंज खाली असतो. शिडीला पाइप जाड होता, दुकानात ज्याला लाल पट्ट्याचा सी क्लास म्हणतात तो. पिवळ्या पट्ट्याचा, सगळ्यात हलका असता तर तुला येऊच दिलं नसतं म्हणाला.

मग हिशेब. मी ६२ किलोची. शिडीला एका वेळी तीन पोरं लटकतात, वीस-वीस किलोची. झालं की तेवढंच. वर माझे पाय जमिनीवर, म्हणजे निम्मंसुद्धा वजन दांडीवर नाही. शिडीला मी जड नव्हते.

झोपाळ्याचं मात्र वेगळं, ते त्याने मला रागावून सांगितलं, कारण मी त्याआधी एका पहाटे झोपाळ्यावर बसले होते. कबूल करते. आमच्या माहेरच्या ओटीवर शिसवी झोपाळा होता, त्यावर मी लहानाची मोठी झाले. अंधारात कोणी नाही असं बघून बसले आणि चांगला उंच घेतला. नवरा म्हणाला, झोपाळा उभ्या रेषेपासून ६० अंशांवर नेऊन सोडलास, तर खाली येताना साखळ्यांवर तुझ्या वजनाच्या दुप्पट ओढ येते. ६२ चे १२४. वरच्या कडीत कडी घासून घासून अर्धी झालेली असते, ती तुझ्या खाली तुटणार नाही, उद्या एखाद्या पोराच्या खाली तुटेल. ते वाक्य मला लागलं. त्यानंतर झोपाळ्यावर नाही. पाटही पोरांच्या मापाचा, माझा घेर त्यात बसताना जे झालं ते इथे लिहीत नाही.

तर वजनाचा प्रश्न शिडीपुरता मिटला. पण खरी अडचण त्यानंतर, मे महिन्यात कळली.

मेमध्ये चाकरमानी येतात आणि गावातली पोरं तिप्पट होतात. उन्हाआधी खेळून घ्यावं म्हणून आज्या त्यांना सकाळी सातलाच बागेत आणतात. त्या दिवशी मला उशीर झाला होता. दहा वेळा धरायचं, दर वेळी तीस आकडे, मध्ये दम. सहाव्या वेळी शिडीच्या खांबाशी एक मुलगी येऊन उभी राहिली. सहा-सात वर्षांची, फ्रॉकच्या खिशात आमसुलाची गोळी असावी, एक गाल फुगलेला. ती माझ्याकडे बघत नव्हती. खांबावरच्या निळ्या रंगाचा पोपडा नखाने सोलत होती. मी मोजत होते, सतरा, अठरा. मनात म्हटलं, चारच राहिलेत, मग हिला देते. आठवी वेळ, नववी. पोपडा तळहाताएवढा झाला. दहावी संपवून वळले तर मुलगी नाही.

कट्ट्यावर तिची आजी होती. मी म्हटलं, "अहो, नात कुठे गेली? झालं माझं."

"घराक गेली."

"मला सांगायचं तरी. लगेच सोडली असती."

आजी म्हणाली, "ता इचारता खंय? मोठ्या माणसाक कसा इचारतला?"

मी घरी आले, चहा केला, तो गार झाला. रेशनच्या रांगेत माझ्यापुढे कोणी घुसलं तर मी अख्खं दुकान डोक्यावर घेते. एसटीत खिडकीवरून भांडते. मोठी माणसं जागेसाठी भांडतात म्हणून आपल्याला कळतं की आपण कुणाची जागा घेतलीय. पोर अनोळखी मोठ्याशी भांडत नाही. ते खांब सोलत उभं राहतं आणि निघून जातं. मग आपण आजूबाजूला बघतो, तक्रार कुणाचीच नाही, बाग रिकामी, आणि म्हणतो, बघा, कोणी वापरतच नव्हतं.

माझी नणंद अंगणवाडीत आहे. तिला सांगितलं तर ती म्हणाली, खेळणं हा मुलांचा हक्क आहे, संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात ३१ वं कलम आहे, आपल्या देशाने तो करार १९९२ मध्ये मान्य केला. मी म्हटलं, अगो, त्या पोरीला माझ्याकडे शिडी मागता आली नाही, ती कलम कुठे दाखवणार? फिजिओ ताईंनी मला कागदावर लिहून दिलंय, मोठ्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं चालण्यासारखी हालचाल आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम. पाच ते सतरा वयाच्या मुलांना रोज साठ मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं आहे. म्हणजे गरज त्यांचीच जास्त, आणि दिवसातले त्यांचे तास शाळेने आणि उन्हाने आधीच खाल्लेले. माझं काय, मला पहाट आहे.

तेव्हापासून मी सहाला जाते, पावणेसातला बाहेर. मेमध्ये साडेपाचला. संध्याकाळी बागेत पाऊल नाही, नातवाबरोबर गेले तर कट्ट्यावर. चुकून एखादं पोर लवकर आलंच, तर आकडा कुठलाही असो, हात सोडते. "एक मिनिट हां बाळा" म्हणायचं नाही, पोराचं मिनिट फार मोठं असतं. आणि नुसता हात सोडून भागत नाही, हे मला नंतर कळलं. शिडीशेजारी मी कमरेवर हात ठेवून उभी असले की पोर चढत नाही. लांब जावं लागतं, आणि तिकडे बघायचंही नाही. माडाच्या झावळ्या बघायच्या.

यात एक गोष्ट मला अजून सोडवता आलेली नाही, ती भरतीच्या पोरांची. गावातले चौघे-पाच जण लष्कराची तयारी करतात. ओहोटीला घट्ट वाळूवर पळतात, मग बागेत येऊन झोपाळ्याच्या वरच्या आडव्या पाइपला पुलअप्स मारतात. अग्निवीरच्या मैदानी चाचणीत दहा पुलअप्सना पूर्ण ४० गुण, सहा मारले तर १६. तेव्हा त्यांची धडपड खोटी म्हणवत नाही. पण पाइप धरायला ते झोपाळ्याच्या पाटावर बूट ठेवून चढतात, ओल्या वाळूचे. साडेसातला लहान पोर येतं आणि त्याच पाटावर बसतं. मी त्यांना बोलले. एकाने लगेच अंगातला बनियन काढून पाट पुसला. दुसरा म्हणाला, काकी तुम्हीपण येताच की. बरोबर आहे, मी गप्प बसले. आता त्यांनी बागेमागच्या दोन सुरूंना बांबू बांधलाय. तो वाकतो, पाचव्या पुलअपला पाय जमिनीला लागतात. आठ फुटी एक आणि साडेसहा फुटी एक, असे दोन बार कुंपणाबाहेर हवेत, एवढंच मागणं आहे. पाइप नवऱ्याकडे पडलेत. जागा द्यायला कोणी तरी हो म्हणायला हवं.

भाचा न्यूयॉर्कला होता. तो सांगतो, तिकडे मुलांच्या खेळाच्या जागेवर पाटीच असते, बारा वर्षांखालचं मूल बरोबर असेल तरच मोठ्यांनी आत यावं. सोबत मूल नाही तर बाहेर. मला आधी हे पटलं होतं. मग वाटलं, आपल्याकडे अशी पाटी लावली तर पहिल्या कोण बाहेर जातील? कट्ट्यावर नातवंडं नसताना बसणाऱ्या म्हाताऱ्या. त्या तिथे असतात म्हणून आया पोरांना एकटं सोडतात. पडलेल्या पोराला त्याच उचलतात, आणि कोण कुणाचं ते त्यांनाच ठाऊक. त्यांना बाहेर काढून बाग सुरक्षित कशी होईल, मला नाही कळत. रील काढायला येणारे बाहेर गेले तर मात्र मी नारळ फोडीन. मागे कुणाची तरी पोरं दिसतायत याचं त्यांना भान नसतं.

तेव्हा, चालतं का? चालतं. येत असाल तर सहाला या. साडी जरा वर खोचा, सोबत फडकं आणा.

फडकं कशाला, तर पाऊस लागलाय. जून ते सप्टेंबर सकाळी बागेत पोरं नसतात, शिडी माझी एकटीची. पण दांड्यांवर हिरवं धरतं, हात घसरतो. मी जुन्या पोलक्याची बाही घेऊन जाते, आधी पुसते, झाल्यावर पुन्हा पुसते. काल बद्द वाजणाऱ्या त्या चौथ्या खांबाशी बुडाला पुसलं तर बाहीवर तपकिरी पूड आली, चहाच्या भुकटीसारखी. घरी आणून नवऱ्याला दाखवली. त्याने ती चिमटीत चोळली, वास घेतला, आणि म्हणाला, शनिवारी वेल्डिंगचं मशीन घेऊन जाऊ, कुणाला तरी विचारून ठेव. गणपतीला पोरं येतील.